प्रबंधाची टॅली

(चिखली येथे एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींपुढे केलेलं भाषण)



मी मॅट्रिक पास. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर राबतो आणि कविता लिहितो. दोन्ही धंद्यांत पैसा नाही. पहिल्यात निदान पाठ दुखते, म्हणून काहीतरी केल्यासारखं वाटतं. इथल्या पोरांनी फोन केला आणि विषय सांगितला : पदव्युत्तर संशोधनात एआयचा जबाबदार वापर. मी म्हटलं, लेको, हा विषय एखाद्या डॉक्टर-प्राध्यापकाला द्या. तर म्हणाले, प्राध्यापक येतात, हे पाप आहे म्हणून सांगतात, आणि संध्याकाळी स्वतःचा पेपर त्याच यंत्राकडून लिहून घेतात. तुम्हीच या. तुमच्या खोलीवर दोन पीएच.डी.वाले राहतात, त्यांचं लिहिलेलं तुम्ही वाचता.

हे खरं आहे. वडाळ्याच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी दुसऱ्या पाळीवरून येतो तेव्हा ते दोघं जागे असतात. त्यांचं इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं. पण आकडा जुळत नसला तर लगेच कळतं. ती गोदीची सवय. तेव्हा मी जे बोलणार ते गोदीतून बोलणार, चालवून घ्या.

यंत्राला शिव्या द्यायला मी चिखलीपर्यंत आलेलो नाही. शिव्या देऊन यंत्र थांबत असतं तर आजही गोदीत माणसं पाठीवर गोण्या वाहत असती. कंटेनर आला. १९८९ साली खाडीपलीकडं न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीतला माल तिकडं सरकला. ज्यांनी क्रेनला शिव्या दिल्या ते घरी बसले. ज्यांनी क्रेनला हार घातला, नारळ फोडला, तेही घरी बसले. बराच काळ टिकला तो टॅलीवाला. टॅली म्हणजे काय ते तुम्हाला सांगतो, कारण पुढं मला तोच शब्द लागणार आहे. जहाजाच्या कागदावर लिहिलंय, ५०० गोण्या. टॅलीवाला उभा राहतो आणि खरोखर उतरलेल्या गोण्या एकेक करून मोजतो. भरल्या ४९८. दोन कुठं गेल्या? तिथून भांडण सुरू होतं. कागद काहीही म्हणो, टॅलीवाल्याचा आकडा त्याच्या डोळ्यांचा असतो.

कंटेनर आल्यावर भानगड अशी झाली की पेटी सीलबंद. आत काय आहे ते जहाजवाल्यानं पाहिलेलंच नसतं. म्हणून तो आपल्या कागदावर दोन-तीन शब्द घालून ठेवतो : 'सेड टू कंटेन'. म्हणजे माल पाठवणारा म्हणतो की आत अमुक आहे. आम्ही उघडून बघितलेलं नाही. उद्या आतून दगड निघाले तर आमच्या नावानं बोंबलू नका.

हे जे यंत्र आहे, चॅटजीपीटी म्हणा, जेमिनाय म्हणा, जे ३० नोव्हेंबर २०२२ नंतर बघता बघता तुमच्या-माझ्या मोबाईलात घुसलं, त्याच्या प्रत्येक उत्तरावर हेच शब्द न दिसणाऱ्या शाईनं लिहिलेले असतात. सेड टू कंटेन. त्यानं आत बघितलेलं नसतं.

का नसतं? कारण त्याला काही 'माहीत' नाही. जगातलं अफाट लिखाण त्याला चारलेलं आहे, आणि त्यावरून एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, एवढा हिशेब ते करतं. हिशेब भयंकर चांगला करतं, हे कबूल. इतका चांगला की वाचणाऱ्याला वाटतं, समोर कोणीतरी जाणकार बसलाय. तुम्ही त्याला म्हणालात, 'विदर्भातल्या भूमिहीन शेतमजुरांवरचे दहा संदर्भ दे', तर ते दहा देतं. लेखकाचं नाव बरोबर वाटतं, नियतकालिक खरं असतं, वर्ष पटतं, पान नंबरसुद्धा असतो. आणि तो लेख कधी कोणी लिहिलेलाच नसतो. संदर्भ कसा दिसतो ते यंत्राला ठाऊक आहे. संदर्भ म्हणजे काय ते ठाऊक नाही.

हे काही मॅट्रिकवाल्याचं कुत्सित बोलणं नाही. न्यूयॉर्कच्या कोर्टात २०२३ साली दोन वकिलांनी आणि त्यांच्या फर्मनं मिळून ५,००० डॉलर दंड भरला, कारण त्यांनी कोर्टापुढं ठेवलेले सहा निकाल चॅटजीपीटीनं रचलेले होते. तुम्ही म्हणाल, तिकडं अमेरिकेत. मग घरचं घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका कंपनीवरचा आयकर आकारणीचा आदेश रद्द केला. आयकर खात्यानं त्या आदेशात आधार म्हणून जे निकाल दिले होते ते अस्तित्वातच नव्हते. कोर्टानं सुनावलं की एआयच्या जमान्यात यंत्रानं समोर टाकलेल्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही, ते पडताळून घ्यावं लागतं. विचार करा, सरकारी खातं, हाताशी वकील, हाताशी ग्रंथालय, आणि एकानंही तो निकाल उघडून पाहिला नाही. सील तोडून आत बघायला कोणी तयार नाही. कंपनीकडं हायकोर्टात जायला पैसा होता म्हणून हे कळलं तरी.

तुमच्या प्रबंधात असा एक खोटा संदर्भ निघाला तर तुम्हाला कोणतं हायकोर्ट वाचवणार आहे?

'जबाबदार' हा शब्द बघा. जबाब देणारा तो जबाबदार. यंत्र जबाब देत नाही. व्हायव्हाला ते खुर्चीवर बसत नाही. बाहेरून आलेला परीक्षक चष्मा खाली करून विचारतो, हे पुस्तक तुम्ही कुठं पाहिलंत, तेव्हा घाम तुमच्या मानेवर येतो. म्हणून माझा पहिला हट्ट एवढाच आहे : जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून, पान काढून, वाचलेला नाही तो प्रबंधात येता कामा नये. यंत्रानं नाव सुचवलं, ठीक. जा, शोधा. शोधगंगेवर देशभरचे प्रबंध फुकट वाचायला ठेवलेले आहेत, मोबाईलवरसुद्धा उघडतात. सापडलं तर वाचा, नाही सापडलं तर काट मारा. ही टॅली. ती करताना कंटाळा येतो. मोजण्याचं काम कंटाळवाणंच असतं.

आता मोठ्या गोष्टीकडं येतो.

१९१६ सालचा ९ मे. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारात एक विद्यार्थी भारतातल्या जातींवर निबंध वाचतो. वय २५. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांचं तेच वय असेल. बाबासाहेबांनी त्या निबंधात काय केलं? आधी त्या काळच्या मोठमोठ्या पंडितांच्या व्याख्या समोर मांडल्या. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले डॉ. केतकर. चारी नावं जड. आणि मग एकेकाचं कुठं चुकतं, कुठं थोडं बरोबर आहे, ते दाखवत दाखवत स्वतःचं म्हणणं मांडलं की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. आणि ते टिकवायचं म्हणून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही सगळी क्रूर व्यवस्था उभी राहिली.

त्या दिवशी हे यंत्र असतं आणि त्याला सांगितलं असतं, 'जातीवर निबंध लिही', तर त्यानं चार पंडितांचा सुरेख सारांश केला असता. चार परिच्छेद, प्रत्येकाला सारखी जागा, शेवटी 'अशा प्रकारे जात ही एक गुंतागुंतीची संस्था आहे.' बस. तिथं थांबलं असतं. कारण पाचवं म्हणणं अजून कोणी लिहिलेलंच नव्हतं. ते त्या २५ वर्षांच्या पोराच्या डोक्यात होतं, आणि डोक्यात होतं कारण अंगावर होतं. सातारच्या शाळेत वेगळं बसवलेलं, पाण्याला हात लावू न दिलेला पोरगा होता तो.

दुसरं बघा. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा प्रबंध. १९२२ मध्ये दिला. परीक्षकांना पचला नाही. पुन्हा लिहा म्हणाले. पैसे संपलेले, म्हणून १९२३ मध्ये मुंबईला परत येऊन इथं बसून पुन्हा लिहिला. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. डी.एस्सी. मिळाली. पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांची, आणि त्या प्रस्तावनेत कॅनन सरळ सांगतात की यातलं बरंच मला पटत नाही. हे मला फार आवडतं. गाईडला पटत नाही, तरी तो प्रस्तावना लिहितो, कारण पोरानं मुद्दा सिद्ध केलाय. तुमच्या गाईडला पटलं नाही तर तुम्ही काय करता? खरं सांगा. यंत्राला सांगता, 'सरांना आवडेल असं करून दे.' आणि ते देतं! ते कधी नाही म्हणत नाही. खूश करणं हा त्याचा स्वभाव बनवलाय, कारण खूश झालेलं गिऱ्हाईक परत येतं.

जाता जाता एक गोदीतली गोष्ट. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत आले ते एका बोटीनं, आणि त्यांची जमवलेली पुस्तकं, सामान दुसऱ्या बोटीनं. ती दुसरी बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. बोटीवरून पेट्या उतरताना मला कधीकधी ते आठवतं. पुस्तकं बुडाली, पण वाचलेलं बुडालं नाही, १९२० ला परत लंडन गाठून काम पुरं केलं. तुमच्या मोबाईलची बॅटरी गेल्यावर तुमच्या प्रबंधातलं तुमच्या डोक्यात किती उरतं, हे एकदा रात्री लाईट गेल्यावर तपासून बघा. चिखलीत लाईट जायची सोय आहेच.

तर यंत्र आधी लिहिलेल्याची सरासरी काढतं. आता मला सांगा, आधी लिहिलंय कोणी? आपल्याबद्दल लिहिलंय कोणी? इंग्रजीत लाखो पानं. मराठीत त्याच्या मानानं चिमूटभर. त्या चिमटीत आपलं किती? बुद्धविहारातल्या पेटीत पडलेली जलशाची वही कोणी स्कॅन केली? गावोगावच्या पुस्तिका, जयंतीची पत्रकं, मोर्च्याची निवेदनं, आजीच्या तोंडच्या ओव्या यंत्राच्या पोटात नाहीत. जे कागदावर नाही ते त्याच्या लेखी घडलेलंच नाही. त्याला वऱ्हाडी विचारा, ते पुण्याच्या मराठीला थोडं ऊन दाखवून आणतं आणि म्हणतं, घ्या वऱ्हाडी.

आणि जे पोटात आहे ते कसलं आहे? ऑक्टोबर २०२५ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या अमेरिकन नियतकालिकानं एक तपासणी छापली. रिकामी जागा भरा अशी १०५ वाक्यं यंत्राला दिली. 'हुशार माणूस ... आहे', 'गटार साफ करणारा ... आहे', त्यात ब्राह्मण की दलित, निवड तुझी. चॅटजीपीटीच्या नव्या मॉडेलनं १०५ पैकी ८० वाक्यांत जातीनं शिकवलेलंच उत्तर दिलं. गटार कोणाला दिलं ते सांगायला नको. त्याच लेखात एका दलित समाजशास्त्रज्ञाची हकीगत आहे. पीएच.डी.नंतरच्या फेलोशिपसाठी अर्ज लिहिला, इंग्रजी नीट करायला यंत्राला दिला. यंत्रानं इंग्रजी नीट केलं, आणि त्याबरोबर त्याचं आडनाव बदलून 'शर्मा' केलं.

हसू नका. किंवा हसा, मीही हसलो होतो. पण मग विचार करा. त्या यंत्राला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या सरासरीत, चांगलं इंग्रजी लिहून फेलोशिप मागणारा माणूस शर्माच असतो. कांबळे नसतो, वानखडे नसतो, जाधव नसतो. ज्या माणसानं पीएच.डी. केली त्याच्याच अर्जातून त्याचं नाव पुसलं, आणि तेही मदत करता करता. सरळ शिवी दिली असती तर निदान केस तरी करता आली असती.

आडनाव दिसतं म्हणून सापडलं. पण तुमच्या प्रबंधातला शब्द बदलतो तेव्हा? तुम्ही लिहिता 'अत्याचार', ते करतं 'सामाजिक तणाव'. तुम्ही लिहिता 'बहिष्कार टाकला', ते करतं 'दोन समूहांतील संवाद कमी झाला'. इंग्रजी गुळगुळीत होतं आणि मारणारा हातच वाक्यातून गायब होतो. म्हणून यंत्राकडून दुरुस्त करून घेतलेला प्रत्येक परिच्छेद आपल्या मूळ परिच्छेदाशेजारी ठेवून वाचा. काय गेलं आणि काय आलं, ते बघा. गेलेल्या दोन गोण्या तिथंच सापडतील.

आता इथलंच एक उदाहरण, आपल्या बुलडाणा जिल्ह्याचं. डिसेंबर २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस गळायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. पोरींचे, म्हाताऱ्यांचे, सगळ्यांचे. पेपरात, टीव्हीवर 'टक्कल व्हायरस'. कोणी शांपूला दोष दिला, कोणी पाण्याला. आयसीएमआरचं पथक आलं. त्या आठवड्यात तुम्ही यंत्राला विचारलं असतं तर त्यानं तेच शांपू, पाणी, बुरशी गोल गोल फिरवून सांगितलं असतं. दुसरं ते सांगणार कुठून? मग डॉ. हिम्मतराव बावस्कर गेले. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा माणूस, महाडला विंचूदंशावर आयुष्य घातलेला. गावात जाऊन लोकांशी बोलले, काय खाता ते विचारलं. रेशनचा गहू उचलला, धुतलेला आणि न धुतलेला वेगवेगळा तपासायला पाठवला. रक्त, लघवी, केस तपासले. आणि २०२५ मध्ये निष्कर्ष मांडला की रेशनच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण भलतंच जास्त आहे आणि केस त्यानं गेले.

गहू रेशनचा. म्हणजे खाणारा कोण ते समजून घ्या. हा शोध लागायला पाय लागले, चूल बघावी लागली, पिशवीत मूठभर गहू घ्यावा लागला. त्यानंतर त्या आकड्यांचं गणित यंत्राकडून करून घ्या, सेलेनियमवरचं जगातलं साहित्य शोधायला यंत्र लावा, माझी काय हरकत असणार! गणिताआधीची मूठ मात्र तुमची पाहिजे. तुमच्यातले अनेकजण गावातले आहेत. प्राध्यापकाच्या पोराला जिथं जायला जीप आणि ओळखपत्र लागतं तिथं तुम्ही मामाच्या घरी म्हणून जाता. एवढं भांडवल सोडून तुम्ही मोबाईलवर सरासरी कशाला मागत बसता?

आता तुमच्या बाजूनं बोलतो. नाहीतर म्हणाल, आला मोठा उपदेश करणारा.

तुम्ही हे यंत्र का वापरता ते मला माहीत आहे. तुमच्या घरात पहिलं पुस्तक तुम्हीच आणलं. इंग्रजी तुम्हाला आठवीनंतर भेटलं आणि तेव्हापासून चावतंय. चाय-स्क्वेअर म्हणजे काय हे गाईडला विचारलं तर 'एवढंही येत नाही?' ऐकावं लागतं. रात्री दोनला गाईड फोन उचलत नाही, यंत्र उचलतं, आणि जात विचारत नाही. निदान तोंडावर विचारत नाही. ज्यांचे काका प्राध्यापक, आत्या इंग्रजीची मास्तरीण, त्यांचे प्रबंध काका-आत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तपासून दिले. पैसेवाल्यांनी पैसे देऊन इंग्रजी सुधारून घेतलं. विद्यापीठांच्या आजूबाजूला अख्खा प्रबंध लिहून देणारे यंत्राच्या आधीपासून दुकान मांडून बसलेत, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला कोणी नैतिकतेचा प्रश्न म्हटलं नाही. आपल्या पोराच्या हाताला फुकटचा काका लागला तेव्हा अचानक नैतिकता जागी झाली.

तेव्हा व्याकरण सुधारायला, न कळलेली संकल्पना पाच वेळा पाच तऱ्हांनी समजून घ्यायला, इंग्रजी लेखाचा मराठीत अंदाज घ्यायला, व्हायव्हाची तालीम म्हणून 'मला उलटे प्रश्न विचार' असं सांगायला वापरा. खुशाल वापरा, लाजू नका. फक्त लपवू नका. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात साध्या शब्दांत लिहा की अमुक यंत्र, अमुक महिन्यात, अमुक कामासाठी वापरलं. त्याला काय विचारलं आणि त्यानं काय दिलं ते जपून ठेवा. आणि आपले कच्चे खर्डे, वहीतल्या नोंदी, खाडाखोड केलेले कागद अजिबात फेकू नका. का, ते आता सांगतो.

युजीसीची वाङ्मयचौर्याची नियमावली २०१८ ची आहे. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला वर्षभर बंदी. ६० च्या वर नोंदणीच रद्द. हे नियम नकलेचे आहेत, यंत्र नंतर आलं. यंत्र नक्कल करत नाही, दर वेळी नवं वाक्य घडवतं, म्हणून नकलेच्या चाळणीतून ते सुटतं. मग बाजारात दुसरी चाळणी आली, 'हे माणसानं लिहिलं की एआयनं' ते ओळखणारी. ही चाळणी फसवी आहे. ज्या ओपनएआय कंपनीनं चॅटजीपीटी काढलं तिनंच स्वतःची अशी चाळणी काढली आणि जुलै २०२३ मध्ये गुपचूप मागं घेतली, अचूक चालत नाही म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा सात चाळण्या तपासल्या. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले निबंध त्यात टाकले, तर सरासरी ६१ टक्के निबंधांवर 'एआयनं लिहिलेलं' असा शिक्का बसला. कारण काय? आपण साधे शब्द वापरतो, ठरावीक रचना वापरतो. म्हणजे बघा, शर्माचं फुललेलं इंग्रजी माणसाचं, आणि वानखडेचं घासून घासून लिहिलेलं इंग्रजी यंत्राचं! ज्या दिवशी तुमच्यावर असा आळ येईल त्या दिवशी ती खाडाखोड केलेली वही तुमची साक्षीदार आहे.

आणि नीतीचे धडे देणाऱ्यांचीही थोडी टॅली करू या. २४ डिसेंबर २०२३. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिपची चाळणी परीक्षा. पोरं राज्यभरातून केंद्रांवर गेली. पेपर उघडला तर तो २०१९ च्या सेट परीक्षेचा पेपर, जसाच्या तसा. संशोधकाची पारख करणारा पेपरच नकललेला! १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घेतली, तर प्रश्नपत्रिकांना सील नाही म्हणून पोरांनी बहिष्कार घातला. किती टक्के साम्य होतं हो त्या पेपरात? कोणाची नोंदणी रद्द झाली?

आता एकच गोष्ट राहिली, आणि तिथं मी हात जोडून नाही, बोट रोखून बोलणार आहे.

तुमच्यातले काहीजण अत्याचाराच्या प्रकरणांवर काम करतात. तुम्ही वस्तीत जाता. बाई पहिल्या भेटीत बोलत नाही. दुसऱ्या भेटीत चहा देते. तिसऱ्या भेटीत, नवरा बाहेर गेल्यावर, बोलते. तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करता. तिनं ते पोलिसांना सांगितलेलं नाही, कोर्टात सांगितलेलं नाही. तुम्ही आपले म्हणून तुम्हाला सांगितलंय. खोलीवर येऊन तुम्ही ते सगळं उतरवून यंत्रात टाकता आणि म्हणता, 'यातून मुख्य मुद्दे काढ.' दहा सेकंदांत मुद्दे निघतात. त्या दहा सेकंदांत तिचं बोलणं समुद्रापार एका कंपनीच्या गोदामात जाऊन पडलं. फुकटच्या खात्यावर असाल आणि सेटिंग बंद केलेलं नसेल तर पुढच्या यंत्राच्या शिकवणीतही ते जाऊ शकतं. तिची परवानगी होती? तिला तुम्ही सांगितलं होतं का, ताई, हे मी अमेरिकेला पाठवणार आहे?

नाव काढून टाकलं म्हणाल. गावात नाव लागतं कशाला! 'विहिरीजवळच्या घरात राहणारी, दोन मुलींची आई, गेल्या वर्षी केस मागं घेतलेली.' झालं. अख्ख्या पंचक्रोशीला कळलं. ही मुलाखत हातानं कोडिंग करा. महिना लागेल, लागू द्या. तो महिना तिचा तुमच्यावर हक्क आहे. या बाबतीत मी कुठलीही सवलत मानत नाही, गाईडनं सांगितलं तरी नाही.

आणि यंत्राला कष्ट लागत नाहीत असंही समजू नका. चॅटजीपीटीच्या तोंडातून घाण येऊ नये म्हणून ती सगळी घाण, बलात्कार, खून, पोरांवरचे अत्याचार, तासन्‌तास वाचून तिच्यावर खुणा करायचं काम केनियातल्या मजुरांनी केलं. तासाला दोन डॉलरहूनही कमी मजुरीत. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम'नं हे छापलं. मैला उचलणारी माणसं याही कारखान्यात आहेत, फक्त ती पडद्यामागं आहेत. त्यांच्यावर एखादा प्रबंध करा की कोणीतरी.

माझी वेळ होत आली. मागं बसलेल्या पोरींनी चिठ्ठी पाठवलीय की विद्यापीठाकडं मागायचं काय ते सांगा. अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगे बाबांचं नाव आहे. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि दुसऱ्यांच्या पोरांसाठी शाळा, वसतिगृहं उभी केली, त्यांच्या नावाच्या ठिकाणी आपण पोरांनी भीक मागायची नाही, हक्क मागायचा. एआयबद्दल नियम असेल तर तो मराठीत लिहून प्रत्येक संशोधन केंद्राच्या दारावर लावा. नसेल तर करा, आणि करताना विद्यार्थ्यांना बोलवा. चाळणीच्या आकड्यावरून कोणाचाही प्रबंध अडवायचा नाही; शंका असेल तर समोर बसवा, विचारा, त्याच्या वह्या बघा. सांगून केलेल्या भाषादुरुस्तीला गुन्हा धरायचं नाही. गाईडलाही तोच नियम लावा जो विद्यार्थ्याला. आणि तालुक्याच्या ठिकाणी अशी ग्रंथालयं द्या की जिथं संदर्भ उघडून बघता येतो. टॅली करा म्हणायचं आणि माल बघायला गोदीच द्यायची नाही, हे चालणार नाही.

निवेदनाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवलाय. तो या दोन पोरींनी आणि माझ्या खोलीवरच्या एकानं मिळून लिहिलाय, इंग्रजी प्रत यंत्राकडून दुरुस्त करून घेतलीय आणि तसं खाली लिहिलंय. त्यात युजीसीच्या नियमाचा कलम नंबर दिलाय, तो कोणीतरी मूळ नियमावली उघडून ताडून बघा. मग सह्या करा. शेवटची एसटी साडेसातला आहे.